बघावं की नको? – ‘हाय अँड लो’ : मूल ड्रायव्हरचं, खंडणी मालकाकडून

चित्रपट : हाय अँड लो (मूळ जपानी नाव ‘तेन्गोकू तो जिगोकू’, म्हणजे स्वर्ग आणि नरक)
वर्ष : १९६३
दिग्दर्शक : अकिरा कुरोसावा
कलाकार : तोशिरो मिफुने, तात्सुया नाकादाई, क्योको कागावा, त्सुतोमु यामाझाकी
लांबी : १४३ मिनिटं, कृष्णधवल
आमचे गुण : पाचपैकी चार

तुमच्या ड्रायव्हरच्या मुलाला कुणी पळवून नेलं आणि खंडणी तुमच्याकडे मागितली, तर तुम्ही द्याल का? घर गहाण पडणार असेल, आयुष्यभराची कमाई एका फटक्यात जाणार असेल, तरीही?

लगेच ‘हो’ म्हणू नका. ‘नाही’सुद्धा म्हणू नका. आधी हा सिनेमा बघा. कारण अपहरणाचे सिनेमे आपण पुष्कळ पाहतो. फोन वाजतो, पलीकडून घोगरा आवाज येतो, आई रडते, वडील बॅग भरतात आणि शेवटी हीरो मुलाला सोडवतो. इथे मात्र फोन आल्यावर वीसेक मिनिटांतच तुमच्या लक्षात येतं की खरा पेच गुन्हेगार कोण हा नाहीच. पेच हॉलमध्ये, सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या मनात आहे.

गोष्ट काय आहे?

योकोहामा शहर. टेकडीवर एक आलिशान, एअर कंडिशन्ड बंगला. तिथे राहतो किंगो गोंडो (तोशिरो मिफुने), ‘नॅशनल शूज’ या बूट कंपनीतला मोठा अधिकारी. कंपनीतल्या इतर संचालकांना दिसायला छान पण चार दिवसांत फाटणारे स्वस्त बूट काढायचे आहेत. गोंडो हा चांभारकामापासून वर आलेला माणूस. ते नमुन्याचे बूट तो त्यांच्यासमोर हातानेच उसकटून दाखवतो. इतकंच नाही, कंपनी ताब्यात घेण्यासाठी त्याने घरदार गहाण टाकून गुपचूप शेअर जमवलेले असतात. त्यासाठीचे ५ कोटी येन त्याच रात्री ओसाकाला पोचवायचे असतात.

तेवढ्यात फोन येतो. ‘तुझा मुलगा आमच्याकडे आहे. ३ कोटी येन दे.’ गोंडो क्षणाचाही विचार न करता तयार होतो. आणि दारातून त्याचा मुलगा जून धावत आत येतो! दोन मुलं चोर-शिपायासारखा खेळ खेळत होती आणि त्यांनी आपापसात कपडे बदलले होते. अपहरणकर्त्याने चुकून उचललाय तो ड्रायव्हर आओकीचा मुलगा शिनिची.

चूक कळल्यावरही तो माणूस मागे हटत नाही. पैसे गोंडोनेच द्यायचे, नाहीतर पोराचा जीव जाईल. दोन मिनिटांपूर्वी ‘हवे तेवढे घे’ म्हणणारा बाप आता गप्प होतो.

काय आवडलं?

सगळ्यात आधी तो हॉल. जवळजवळ पहिला तास कॅमेरा त्या एका खोलीत आहे. एका कोपऱ्यात आओकी मान खाली घालून उभा. मालकाला काही मागायची त्याची हिंमत नाही, पण त्याच्या उभं राहण्यातच सगळं मागणं आहे. पत्नी रेइको (क्योको कागावा) नवऱ्याला विनवतेय. सेक्रेटरी आपला फायदा बघतोय. पोलीस जमिनीवर बसून फोनची वाट पाहताहेत. टेकडीखालून कुणीतरी दुर्बिणीने घरात बघतंय, म्हणून भर उन्हाळ्यात पडदे ओढलेले. मोठी माणसं आपल्याच घरात लपून बसली आहेत! पैसा असून माणूस किती उघड्यावर असतो, हे एका पडद्यातून कळतं.

दुसरं, गोंडोचा निर्णय. सिनेमा त्याला देवमाणूस करत नाही. तो आधी स्पष्ट नकार देतो, चिडतो, हिशेब मांडतो. त्याचं म्हणणं अगदी चुकीचंही नाही. हे पैसे गेले की कंपनी गेली, घर गेलं, बायको-मुलाचं भविष्य गेलं. म्हणूनच पुढे तो ‘हो’ म्हणतो तेव्हा त्या शब्दाची किंमत आपल्याला माहीत असते. पैशांच्या बॅगांमध्ये पोलिसांना दोन पुड्या लपवायच्या असतात. एक भिजली तर घाण वास येणारी, दुसरी जळली तर गुलाबी धूर सोडणारी. हे काम गोंडो स्वतः करतो. जुनी हत्यारं काढून जमिनीवर बसतो आणि चामडं शिवायला लागतो. कंपनी हातची चालली आहे, पण हातातली कला कुठे गेलेली नाही. मिफुने या प्रसंगात फार बोलत नाही, आणि बोलायची गरजही नाही.

तिसरं, ट्रेनचा प्रसंग. पैशांच्या बॅगा ७ सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत, अशी विचित्र अट अपहरणकर्ता घालतो. का, ते ‘कोदामा’ एक्सप्रेस धावायला लागल्यावर कळतं. गाडीच्या खिडक्या उघडत नाहीत, फक्त वॉशरूमची खिडकी तेवढीच उघडते! नदीवरच्या पुलाजवळ मूल दिसेल, ते पाहून बॅगा बाहेर फेकायच्या. हे दृश्य खऱ्या धावत्या गाडीत, एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून चित्रित केलंय. त्या खोलीतल्या तासाभरानंतर ही गाडी सुटते तेव्हा आपणही श्वास सोडतो.

चौथं, तपास. इथे एकटा हुशार डिटेक्टिव्ह नाही. इन्स्पेक्टर तोकुरा (तात्सुया नाकादाई) आणि त्याची मोठी टीम घामाने निथळत, पंख्यासमोर बसून एकेक धागा मांडते. टेकडीवरचा बंगला कुठल्या फोन बूथमधून दिसतो? नोटांचे नंबर कुठे सापडले? फोनच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे येणारा खडखडाट कुठल्या गाडीचा? तो आवाज एनोदेन या छोट्या लोकल रेल्वेचा आहे हे जाणकाराकडून कळतं आणि शोधाची जागा आक्रसते. तिकडे आओकीही गप्प बसत नाही. आपल्या मुलामुळे मालक बुडाला, ही टोचणी त्याला स्वस्थ बसू देत नाही. तो सुटलेल्या शिनिचीला गाडीत घालून स्वतःच ती जागा शोधायला निघतो.

आणि तो गुलाबी धूर! संपूर्ण कृष्णधवल सिनेमात एकाच क्षणी रंग येतो. मुलं जवळ बसली असतील तर त्यांना आधी काही सांगू नका.

काय खटकलं?

आता दुसरी बाजू. जुना आणि मोठ्या दिग्दर्शकाचा सिनेमा म्हणून सगळं गोड मानायचं कारण नाही.

पहिली अडचण सुरुवातीची. शेअर, मतं, संचालकांचे डावपेच हे सगळं भराभर येतं. सबटायटल्स वाचत बघणाऱ्याला पहिली दहा-पंधरा मिनिटं जड जातात. अनेक जण इथेच सिनेमा बंद करतील. थोडा धीर धरा.

दुसरी, मध्यंतरानंतर गोंडो जवळपास गायब होतो. ज्याच्या घालमेलीत आपण तासभर गुंतलो, तो बाजूला पडतो आणि पोलीस पुढे येतात. तपास रंगतदार आहे, पण मन त्या टेकडीवरच्या घरात अडकून राहतं. तिथे आता काय चाललंय? रेइकोने पैसे द्यायला लावले, मग घरातलं सामान जप्तीला लागताना तिला काय वाटलं? क्योको कागावासारखी अभिनेत्री हाताशी असून तिच्या वाट्याला विनवण्या आणि काळजीचे चेहरेच आले आहेत. शिनिचीचंही तसंच. तो सुटतो, चित्र काढतो, पोलिसांना धागा देतो. पण त्या लहान मुलावर काय गुजरलं, याकडे सिनेमा फारसं बघत नाही.

तिसरी, पोलीस जरा जास्तच चांगले आहेत. सगळे मेहनती, सगळे सहृदय, सगळ्यांचं गोंडोवर प्रेम.

पण हेच पोलीस पुढे एक निर्णय घेतात आणि तिथे माझं सिनेमाशी पटत नाही. (ज्यांना आधी काहीच कळायला नको, त्यांनी हा परिच्छेद सोडावा.) गुन्हेगार कोण हे त्यांना कळलेलं असतं, पण फक्त अपहरणाबद्दल त्याला होणारी शिक्षा कमी वाटते. म्हणून ते त्याला मोकळा ठेवतात, म्हणजे जास्त गंभीर गुन्ह्यात तो रंगेहाथ सापडेल. त्याच्या मागे ते गर्दुल्ल्यांच्या गल्लीत पोचतात. तिथे तो शुद्ध हेरॉइनचा प्रयोग एका व्यसनी बाईवर करतो आणि ती मरते. एका गरीब मुलाचा जीव वाचावा म्हणून आपण दोन तास जीव मुठीत धरून बसलो. मग या गरीब बाईच्या जिवाचं काय? तिला नाव नाही, तिच्यासाठी कुणी थांबत नाही. ज्या सिनेमाचा मुख्य प्रश्नच ‘दुसऱ्याच्या जिवाची किंमत किती’ हा आहे, त्याने इथे नजर वळवावी, हे खटकतं. शिवाय ती गल्ली फार नाटकी वाटते. भुतांसारखी डोलणारी माणसं बघून कीव येण्याऐवजी भीतीच वाटते.

गुन्हेगार नक्की असं का वागला, याचंही सरळ उत्तर मिळत नाही. उन्हाळ्यात तापणाऱ्या आपल्या खोलीतून त्याला वरचा थंडगार बंगला दिसायचा, एवढं कळतं. काहींना हे अपुरं वाटेल. मला मात्र ही उणीव वाटली नाही. शेवटच्या भेटीत काचेच्या दोन बाजूंना बसलेले दोघं बघा, मग ठरवा.

पुस्तक, कायदा आणि आपला ‘इन्कार’

ही गोष्ट मुळात अमेरिकन आहे. एड मॅकबेन यांच्या ‘किंग्ज रॅन्सम’ (१९५९) या पोलीस कादंबरीवर सिनेमा बेतलाय. गंमत म्हणजे कादंबरीतला श्रीमंत माणूस पैसे द्यायला तयार होत नाही. कुरोसावांनी हाच धागा उलटा फिरवला आणि सिनेमा वेगळ्या उंचीवर गेला.

अपहरणाला मिळणारी शिक्षा कमी आहे, हा सूर सिनेमात ऐकू येतो. जपानने १९६४ मध्ये खंडणीसाठीच्या अपहरणाची शिक्षा वाढवणारा बदल कायद्यात केला. आपल्याकडे खंडणीसाठीच्या अपहरणाचं वेगळं कलम, भारतीय दंड संहितेतलं ३६४अ, १९९३ मध्ये आलं.

आणि आपल्या हिंदीत हीच गोष्ट १९७७ मध्येच येऊन गेली होती. राज एन. सिप्पी दिग्दर्शित ‘इन्कार’! विनोद खन्ना पोलीस अधिकारी, अमजद खान खलनायक आणि बूट कंपनीच्या मालकाच्या भूमिकेत आपले डॉ. श्रीराम लागू. नोकराचं मूल पळवलं गेल्यावर मालकाच्या चेहऱ्यावरची चलबिचल लागूंनी फार संयमाने दाखवली आहे. पण हिंदी सिनेमाला प्रेमकथा हवी, मारामारी हवी, गाणी हवीत. त्यामुळे मालकाचा पेच लवकर मागे पडतो आणि लोकांच्या लक्षात राहतं ते हेलनचं, उषा मंगेशकरांनी गायलेलं ‘मुंगडा’. घरातल्या मोठ्या माणसांना ‘इन्कार’ आठवतो का विचारा, बहुतेक आधी गाणंच गुणगुणतील! २०२५ मध्ये स्पाइक ली यांनीही ‘हायेस्ट टू लोएस्ट’ नावाने ही गोष्ट न्यूयॉर्कमध्ये नेली, डेन्झेल वॉशिंग्टनला घेऊन. तिथेही मूल ड्रायव्हरचंच आहे. साठ वर्षांत देश बदलले, धंदा बुटांवरून गाण्यांवर गेला, ड्रायव्हर मात्र तिथेच उभा आहे.

मग, बघावं की नको?

नक्की बघा. फक्त काही गोष्टी लक्षात ठेवा. शेवटच्या भागात अमली पदार्थ आणि मृत्यू आहेत, त्यामुळे लहान मुलांना दाखवू नका. नववी-दहावीच्या पुढची मुलं असतील तर सोबत बसून बघा आणि ट्रेनच्या प्रसंगानंतर हवं तर ब्रेक घ्या. सिनेमाचे दोन भाग तसेही तिथेच पडतात. घरी आजी-आजोबा असतील तर दुसऱ्या दिवशी ‘इन्कार’ लावा आणि कुठला मालक जास्त खरा वाटला यावर वाद घाला.

आपल्यापैकी कितीतरी घरांत रोज कुणीतरी बाहेरून येऊन स्वयंपाक करतं, गाडी चालवतं, बाळ सांभाळतं. इंदूर असो, हैदराबाद असो की बंगळुरू, चित्र सारखंच. आपण त्यांना ‘घरच्यासारखे’ म्हणतो. त्या ‘सारखे’ शब्दात किती अंतर लपलंय, हे गोंडोला एका फोनने कळलं. सिनेमा संपल्यावर निदान एक करा. तुमच्याकडे काम करणाऱ्या ताईंच्या मुलाचं नाव काय, तो कितवीत आहे, हे तुम्हाला माहीत आहे का, बघा. नसेल तर उद्या विचारा.