शेंड्यावरचा वाटा

पावसाळ्यातला पेरू कापताना मन धास्तावलेलं असतं. बाहेरून फळ कसं देखणं, पिवळसर, देठाशी जरा मऊ, वास घरभर. सुरी घातली की गराच्या कडेला तांदळाच्या कणीसारख्या पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतात आणि अख्खं फळ टाकून द्यावं लागतं. मालाडमध्ये ज्यांच्या परसात पेरूचं झाड उरलंय, त्या प्रत्येक घरात सध्या हेच चाललं आहे.

झाडं उरली आहेत, हे आधी सांगायला हवं. स्टेशनबाहेरच्या गर्दीतून जाणाऱ्याचा विश्वास बसणार नाही. पण ऑर्लेमच्या जुन्या घरांमागे, खारोडी-राठोडीकडे, मार्वे रोडच्या आतल्या गल्ल्यांत, मढच्या वाटेवर पेरू, चिकू, जांभूळ, रामफळ, रायवळ आंबा अजून तग धरून आहेत. जुन्या सोसायट्यांच्या कुंपणालाही कुणीतरी हौसेनं लावलेलं एखादं झाड असतं. आणि झाड आहे तिथे तक्रार आहे: ‘आम्हाला काही मिळतच नाही, सगळं पोपट आणि वटवाघळं खातात.’

मला ही तक्रार पटत नाही. पोपट दिसतो, ओरडतो, अर्धं फळ कुरतडून खाली टाकतो, म्हणून त्याच्यावर राग निघतो. खरी नासाडी करणारी फळमाशी दिसत नाही. साधारण घरमाशीएवढी, पिवळट-तपकिरी, पारदर्शक पंखांची ही माशी पिकायला आलेल्या फळाच्या सालीत सोंड खुपसल्यासारखा मागचा भाग टोचते आणि आत अंडी घालते. सालीवर टाचणीच्या टोकाएवढा डाग राहतो, तोही नीट पाहिला तरच कळतो. अळ्या गर खातात, फळ गळतं, अळ्या बाहेर पडून मातीत शिरतात, तिथे कोष होतो आणि काही दिवसांनी नवी माशी त्याच झाडाकडे येते. म्हणजे आपण झाडाखाली कुजत ठेवलेला पेरू हाच पुढच्या खेपेच्या माश्यांचा पाळणा. पोपटाची नासाडी त्या फळापुरतीच असते. खाली सडत पडलेलं एक फळ मात्र वरच्या कितीतरी फळांचं वाटोळं करतं.

त्यामुळे पहिला उपाय सगळ्यात साधा आणि सगळ्यात कंटाळवाणा. रोज सकाळी पडलेली फळं वेचायची. ती कुंडीत किंवा उघड्या खतात टाकायची नाहीत. हातभर खोल खड्ड्यात पुरायची, नाहीतर जाड पिशवीत गच्च बांधून दोन-चार दिवस उन्हात ठेवायची. हे नेमानं केलं तर बाकीच्या उपायांना अर्थ येतो.

दुसरा उपाय सापळ्याचा, आणि त्याच्या मुळाशी आपल्याच देशातला शोध आहे. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. सिट्रोनेला तेलाकडे फळमाशीचे नर धाव घेतात, हे त्यांनी 1912 मध्ये नोंदवलं; 1915 मध्ये त्यांनी मिथाइल युजेनॉल या द्रव्याची ओढ दाखवून दिली. आज जगभरच्या आंबा-पेरूच्या बागांत टांगलेले बरेचसे सापळे याच द्रव्यावर चालतात. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने त्यावरच ‘रक्षक’ सापळा तयार केला आणि कोकणातल्या बागायतदारांनी तो आपलासा केला. हे द्रव्य तुळशीतही असतं. वृंदावनाजवळ फळमाश्या घुटमळताना दिसतात त्या उगाच नाही.

सापळ्याची एक मर्यादा लोकांना कुणी सांगत नाही. त्यात फक्त नर अडकतात. अंडी घालणारी मादी मोकळीच असते. नर कमी झाले की माद्यांचं मीलन होत नाही आणि पुढची पिढी रोडावते, असा तो हिशेब आहे. तो एका परसापुरता जुळत नाही. मी एकट्याने सापळा लावला तर शेजारच्या वाडीतली, आधीच मीलन झालेली मादी भिंत ओलांडून माझ्या पेरूवर येणारच. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात सापळे टांगले तर फरक पडतो. गणपतीच्या वर्गणीसाठी आपण दारोदार जातो, तसंच यासाठीही जावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि तिसरा उपाय पिशवीचा. पेरू लिंबाएवढा झाला की त्याला पिशवी बांधायची. आंब्याला, फळ अंड्याएवढं असताना, कागदी पिशवी चालते. पण पावसात कागदाचा लगदा होतो. पेरूसाठी जुन्या सुती साडीच्या वीतभर पिशव्या शिवून नाडी ओवली की काम भागतं. कापड भिजतं तसं वाळतंही, आत हवा खेळते, आणि पुढच्या वर्षी धुऊन पुन्हा वापरता येतं. पिशवी देठाच्या वर, फांदीशी बांधावी. नुसत्या देठाला बांधली तर वाऱ्याने फळासकट खाली येते. हात पोचेल तेवढ्याच फळांना बांधायची. वरच्यांसाठी शिडीवर चढून जीव धोक्यात घालण्याचं कारण नाही.

वरची फळं त्यांची. शेंड्यावरचे पेरू पोपटांचे, तांबटाचे, कोकीळ-बुलबुलांचे, खारींचे. आपला झेला तिथे पोचत नव्हताच. हा वाटा आनंदाने सोडावा, असं माझं ठाम मत आहे. ज्या झाडाखाली वाडीतली पोरं एकेकाळी दगड घेऊन उभी असायची, तिथे आज पक्षी तरी येतात, याचं मला अप्रूप आहे.

चिकूचं गणित वेगळं, आणि सोपं. तो झाडावर पिकायची वाट पाहायचीच नाही. सालीवरची तपकिरी भुकटी बोट फिरवल्यावर झडू लागली, नखाने हलकं खरवडल्यावर खाली हिरव्याऐवजी पिवळट रंग दिसला, की चिकू तयार. तेव्हाच उतरवून तांदळाच्या डब्यात किंवा गवतात ठेवावा. वटवाघूळ वास आला की येतं, आणि वास पिकलेल्या फळालाच येतो. वेळेवर उतरवलेला चिकू त्याच्या तावडीत सापडत नाही.

जाळीबद्दल मात्र जरा कडक बोलावं लागेल. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारी एका काकांनी चिकूवर मासेमारीची जुनी नायलॉनची जाळी पसरली होती. आमच्या भागात अशी जाळी मिळायला वेळ लागत नाही. एका पहाटे त्यात मुठीएवढं वटवाघूळ अडकलेलं सापडलं. सुटायच्या धडपडीत दोरा पंखाच्या पातळ पडद्यात रुतला होता. बोटांमधली कातडी दोन ठिकाणी चिरली होती, आणि ते डोळे उघडे ठेवून गप्प लटकलं होतं. वन खात्याच्या 1926 क्रमांकावर फोन केला. माणूस येईपर्यंत वटवाघळावर टॉवेल धरून बसलो, कारण त्याला उघड्या हाताने कधीच हात लावायचा नाही. काकांनी त्याच दिवशी जाळी उतरवली. “चिकू गेले तर जाऊ देत, हे नको बाबा,” एवढंच म्हणाले.

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात यावर नियमच आहे. 1 सप्टेंबर 2021 पासून तिथे घरच्या फळझाडांवरच्या जाळीचं भोक ताणल्यावरही 5 मिलिमीटरपेक्षा मोठं चालत नाही. खूण सोपी: जाळीत करंगळी शिरत असेल तर ती झाडावर नको. आपल्याकडे असा नियम मला दिसला नाही, पण करंगळी सगळ्यांकडे आहे.

वटवाघळाला आपल्या कायद्यानेही फार काळ हिणवलं. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पाचव्या अनुसूचीत उपद्रवी म्हणून कावळे, उंदीर, घुशी आणि फळं खाणारी वटवाघळं यांची नावं होती. 2022 च्या दुरुस्तीने ती यादीच काढून टाकली. जांभूळ, वड, देशी बदाम यांच्या बिया दूरवर नेणारं हे जनावर आहे. सकाळी गच्चीवर सापडणारे चोथा झालेले बदाम हा त्याच्याच रात्रीच्या कामाचा माग. निपाह विषाणूच्या बातम्यांनी भीती वाढली, ती समजण्यासारखी आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते, आणि त्यांतल्या काहींत या विषाणूच्या खुणा मिळाल्या. यातून घ्यायची काळजी नेमकी आहे: कुरतडलेलं, दात लागलेलं फळ खायचं नाही, मुलांनाही खाऊ द्यायचं नाही. ‘पोपटाने उष्टावलेला पेरू गोड’ ही समजूत आता सोडायला हवी. झाडावरून वटवाघळांना हुसकणं किंवा त्यांची वस्ती जाळणं यातून मात्र काहीच साधत नाही.

हे सगळं लिहायचं कारण सोसायट्यांच्या सभा. जांभळाचे डाग गाड्यांवर पडतात, वटवाघळांची घाण होते, पेरूखाली माश्या घोंगावतात, म्हणून ‘झाडच काढून टाकू’ असा ठराव येतो. 1975 च्या झाडांच्या जतनाच्या कायद्यानुसार स्वतःच्या आवारातलं झाडसुद्धा महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, फांद्या छाटायच्या तरी आधी उद्यान खात्याला विचारावं लागतं. पण परवानगी मिळते, आणि पुनर्विकासात तर झाडं सहज जातात. तुमच्या सभेत असा विषय निघाला तर दोन गोष्टी मांडून पाहा. पडलेली फळं रोज वेचण्याचं काम सफाईच्या कामात घाला आणि त्याचे वेगळे पैसे द्या. आणि सापळे सोसायटीच्या खर्चाने, शेजारच्या दोन सोसायट्यांना बरोबर घेऊन, एकाच दिवशी लावा. पेरूचा बहर अजून महिनाभर तरी चालेल. तेवढ्यात फरक दिसतो की नाही, ते पाहून मग ठराव करा.