एक्सप्लेनर : लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला आणि स्क्रीन काळी? फॉरमॅट मारायच्या आधी हे वाचा

रत्नागिरी : मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री साडेनऊला काकांचा फोन आला. "अगो, कॉम्प्युटर गेला." गेला म्हणजे काय, तर चालू केल्यावर कंपनीचं चिन्ह दिसतं आणि मग स्क्रीन काळी होते ती काळीच राहते. काका लांज्याजवळ राहतात, आंब्याची बाग आहे. कोणाला किती पेट्या गेल्या, कोणाकडून किती येणं आहे, हा मागच्या चार सीझनचा हिशोब त्याच कॉम्प्युटरवर. दुसऱ्या दिवशी त्यांनी सीपीयू उचलून बाजारातल्या एका दुकानात नेला. तिथे सांगितलं गेलं की लिनक्स खराब झालंय, फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो, डेटाची गॅरंटी नाही.

सुदैवाने काकांनी "पुतणीला विचारतो" म्हणून सीपीयू परत आणला. त्यावर लिनक्स मीच टाकलं होतं, म्हणजे खापरही माझ्याच डोक्यावर फुटणार होतं. दोन दिवसांनी, रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर, बारावीतल्या चुलतभावाच्या हाताने तो कॉम्प्युटर वीस मिनिटांत चालू झाला. एकही फाइल गेली नाही.

हा प्रकार एकट्या काकांचा नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. २०१७ किंवा त्याआधी घेतलेले, अजून धडधाकट असलेले कॉम्प्युटर या चाळणीत अडकले. त्यांना लिनक्सचा रस्ता दाखवणारे माझ्यासारखे पुतणे-भाचे घरोघरी आहेत. लिनक्स मिंट किंवा उबुंटू तासाभरात बसतं, चालतंही छान. पुढे कुणीतरी ग्राफिक्स ड्रायव्हर टाकतं आणि स्क्रीन काळी होते.

आत नेमकं काय होतं?

स्क्रीन काळी झाली म्हणजे मशीन मेलं असं समजू नका. बहुतेक वेळा आतलं सगळं चालू असतं, फक्त ते स्क्रीनवर काढून दाखवणारा कोणी उरलेला नसतो.

लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. इंटेल आणि एएमडीच्या ग्राफिक्सचे ड्रायव्हर या कर्नलमध्येच येतात, त्यामुळे तिथे वेगळं काही टाकावं लागत नाही. एनव्हिडियाचं तसं नाही. त्यांच्या कार्डांसाठी कर्नलमध्ये 'नुव्हो' नावाचा ड्रायव्हर आहे. कार्ड कसं वागतं हे बाहेरून निरखून स्वयंसेवकांनी तो लिहायला घेतला आणि २०१० पासून तो कर्नलचा भाग आहे. रोजचं काम त्यावर होतं, पण नऊशे मालिकेपासून पुढच्या कार्डांत तो पुरा वेग काढू शकत नाही. वेग हवा असेल तर एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर टाकावा लागतो. हा ड्रायव्हर बसताना नुव्होला काळ्या यादीत टाकतो, कारण एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

अडचण इथूनच सुरू होते. नुव्हो बाहेर गेला आणि काही कारणाने नवाही आत आला नाही, तर स्क्रीनला वाली कोणी उरत नाही.

नवा आत न येण्याची कारणं ठराविक आहेत. हा ड्रायव्हर तुमच्या मशीनवरच्या नेमक्या कर्नलसाठी बांधावा लागतो. कर्नल अपडेट झालं की बांधणी पुन्हा करावी लागते. 'डीकेएमएस' नावाची यंत्रणा हे काम आपोआप करते, पण त्यासाठी लागणाऱ्या कर्नलच्या 'हेडर' फाइल नसतील तर ती थांबते, आणि थांबल्याचं ठळकपणे सांगतही नाही. दुसरं कारण सिक्युअर बूट. ही सोय चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही.

निळा पडदा, दहा सेकंद

काकांकडे नेमकं हेच झालं, आणि चूक माझी होती. चुलतभावाला व्हिडिओ एडिटिंगसाठी ड्रायव्हर हवा होता. मी फोनवरून सांगत गेले, तो करत गेला. ड्रायव्हर बसताना मशीनने एक पासवर्ड ठरवायला सांगितला, तो त्याने ठरवला. रिस्टार्ट केल्यावर इंग्रजीत मजकूर असलेला निळा पडदा आला. "दीदी, हे काय आहे?" मी दुसऱ्या बातमीत अडकले होते. म्हटलं, "एंटर मार आणि पुढे जा."

तो निळा पडदा 'मॉक' व्यवस्थापनाचा असतो. मॉक म्हणजे 'मशीन ओनर की', यंत्राच्या मालकाची किल्ली. हा ड्रायव्हर मला मान्य आहे असं मालकाने सांगायची ती एकमेव जागा. तिथे दहा सेकंदांत कुठलीही कळ दाबली नाही, किंवा आम्ही केलं तसं पहिल्याच 'कंटिन्यू बूट'वर एंटर मारलं, तर किल्ली नोंदवली जात नाही. ड्रायव्हर डिस्कवर असतो, पण दाराबाहेर. खरं तर 'एनरोल मॉक', मग 'कंटिन्यू', मग 'येस' आणि मघाचा पासवर्ड एवढंच करायचं होतं.

मी चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय आणि तरी तो पडदा घाईत उडवून लावला. मालकाच्या नावाची किल्ली, पण ती कशाची आहे हे मालकाला त्याच्या भाषेत कोणी सांगत नाही, ही या व्यवस्थेची मोठी खोट आहे असं मला वाटतं.

मग करायचं काय?

आधी कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. दिवा लागतो-विझतो का? लागत असेल तर मशीन जिवंत आहे. आता कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा (काही लॅपटॉपवर सोबत एफएन कळही लागते). काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत लॉगिन विचारलं तर अर्धं काम झालं. नाव आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना काहीच दिसत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. चुलतभाऊ इथेच तीनदा अडला.

काहीच आलं नाही तर रिस्टार्ट करा आणि कंपनीचं चिन्ह दिसताच एस्केप दाबा, जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा. 'ग्रब'चा मेन्यू येईल. त्यात 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचं कर्नल निवडून बघा. बिघाड कर्नल अपडेटनंतर झाला असेल तर बरेचदा एवढ्यावरच डेस्कटॉप समोर येतो.

तेही जमलं नाही तर मेन्यूतल्या पहिल्या ओळीवर थांबून इंग्रजी 'ई' दाबा. आतमध्ये 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा, तिच्या शेवटाकडे 'क्वाएट स्प्लॅश' असे दोन शब्द दिसतील. ते खोडून तिथे नो, मोड, सेट हे तीन शब्द इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एफ१० दाबा. ग्राफिक्स ड्रायव्हरच्या भानगडीत न पडता साधं चित्र दाखव, असा या सूचनेचा अर्थ. चित्र ओबडधोबड आणि संथ दिसेल, पण दिसेल. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे काही बिघडेल ही भीती नको.

आत शिरल्यावर दोन रस्ते. किल्लीचा घोळ असेल तर 'मोकयूटिल' या कमांडने ती पुन्हा नोंदवायला मांडता येते. आम्ही तेच केलं, रिस्टार्ट केलं आणि या वेळी निळ्या पडद्यावर थांबलो. कारण कळत नसेल तर ड्रायव्हर सरळ काढून टाकावा. त्यासाठी 'सुडो एपीटी पर्ज' आणि पुढे एकेरी अवतरणचिन्हांत एनव्हिडिया, जोडचिन्ह, तारा, हे सगळं इंग्रजी अक्षरांत. काय काय काढलं जाणार त्याची यादी समोर येते, ती वाचून मग 'वाय' दाबा. रिस्टार्ट केल्यावर नुव्हो परत येतो. लॅपटॉपमध्ये इंटेल आणि एनव्हिडिया अशी दोन ग्राफिक्स असतील, तर 'प्राइम-सिलेक्ट'ने तात्पुरतं इंटेलवर जाता येतं.

डेस्कटॉप पीसी असेल तर आणखी एक बावळट वाटेल अशी तपासणी : मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टमध्ये आहे की मदरबोर्डच्या? कोणीतरी धूळ पुसायला सीपीयू उघडतं आणि केबल भलतीकडे लावतं.

यातलं काहीच झालं नाही तरी डेटा जागच्या जागी असतो. ज्या पेन ड्राइव्हवरून लिनक्स टाकलं, त्यावरूनच मशीन चालू करा, काहीही इन्स्टॉल न करता डिस्क उघडा आणि फाइल दुसरीकडे कॉपी करा. काळ्या स्क्रीनवर फॉरमॅट हा उपाय सुचवणारा माणूस स्वतःचा वेळ वाचवत असतो. तो अप्रामाणिक असतो असं नाही. त्याला विंडोज पाठ आहे, लिनक्स नाही, आणि गिऱ्हाईक दारात उभं आहे.

जुनं कार्ड, नवा ड्रायव्हर

आता येऊ घातलेल्या अडचणीबद्दल. एनव्हिडियाने मे २०२२ मध्ये आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग खुला केला. बातमी चांगली होती, पण तो खुला भाग ट्युरिंग पिढीपासून पुढच्या, म्हणजे जीटीएक्स १६५० आणि त्यानंतरच्या कार्डांनाच चालतो. त्याआधीच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढ्यांना, म्हणजे ९४०एमएक्स, जीटीएक्स १०५०, १०६० वगैरेंना, ५८० ही शेवटची ड्रायव्हर मालिका. डिसेंबर २०२५ मध्ये ५९० मालिका आली आणि 'आर्च लिनक्स'ने आपलं मुख्य पॅकेज त्यावर नेलं, तेव्हा पास्कल कार्डवाल्यांना स्वतः जुना ड्रायव्हर शोधून बसवावा लागला.

विंडोज ११ ने नाकारलेल्या मशीनमध्ये कार्ड असलंच तर ते बहुधा याच पिढ्यांचं असतं. म्हणजे ज्यांना लिनक्सची सर्वाधिक गरज, त्यांनाच ड्रायव्हरच्या यादीतला आकडा आणि त्यापुढचा 'ओपन' हा शब्द नीट वाचावा लागणार. जुन्या कार्डाला 'ओपन' निवडलं की पुन्हा काळी स्क्रीन. मिंटमध्ये 'ड्रायव्हर मॅनेजर' आणि उबुंटूत 'अॅडिशनल ड्रायव्हर्स' ही खिडकी ज्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिते तोच घ्या. विंडोजच्या सवयीने कंपनीच्या वेबसाइटवरून फाइल उतरवून टाकू नका. तशा ड्रायव्हरची सिस्टीमच्या पॅकेजांत नोंद नसते आणि पुढच्या कर्नल अपडेटला तो बरेचदा गळून पडतो.

दोष एकट्या एनव्हिडियाचा का? लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात कॅमेऱ्यासमोर या कंपनीला मधलं बोट दाखवलं होतं, ती क्लिप आमच्या हॉस्टेलवर सगळ्यांची पाठ होती. पण कर्नलवालेही आतली रचना हवी तेव्हा बदलतात, बाहेरच्या ड्रायव्हरसाठी ती स्थिर ठेवणार नाही असं उघडपणे सांगतात. त्यांची बाजू तांत्रिकदृष्ट्या पटते. कंपनीबद्दल मात्र मला सहानुभूती वाटत नाही. तिची मोठी कमाई आज लिनक्सवर चालणाऱ्या डेटा सेंटरमधून येते, पुण्यातही तिचं कार्यालय आहे. डेटा सेंटरमध्ये ड्रायव्हर सांभाळायला पगारी माणसं असतात, लांज्यात नसतात.

म्हणून माझं मत असं की लिनक्स टाकून देणाऱ्याने ते सांभाळायलाही एक माणूस तयार करून द्यावा. केरळने शाळांतून लिनक्स नुसतं वाटलं नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि २०१८ पासून 'लिटल काइट्स' नावाने विद्यार्थ्यांचे गट उभे केले. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. महिन्यातून एक शनिवार तिथल्या मुलांनी लोकांचे अडलेले कॉम्प्युटर बघितले, तर मुलांनाही प्रॅक्टिकलच्या जर्नलपेक्षा जास्त शिकायला मिळेल.

आणि काकांना तो ड्रायव्हर लागतच नव्हता. पेट्यांचा हिशोब नुव्होवर उत्तम चालतो. गेम, व्हिडिओ एडिटिंग, एआयचे प्रयोग यांपैकी काही करत नसाल तर आहे त्याला हात लावू नका. लावायचाच असेल तर आधी 'टाइमशिफ्ट'ने स्नॅपशॉट घ्या आणि फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी ठेवा, कारण टाइमशिफ्ट मूळ सेटिंगनुसार तुमच्या फाइल धरत नाही.

जूनपासून आपल्याकडे आणखी एक धोका वाढतो. कर्नल अपडेट चालू असताना लाईट गेली की पॅकेज अर्धवट राहतं आणि पुन्हा तीच काळी स्क्रीन. अशा वेळी वर सांगितल्याप्रमाणे आत शिरून 'सुडो डीपीकेजी', त्यापुढे दोन जोडचिन्हांसह 'कॉन्फिगर' आणि एका जोडचिन्हासह 'ए' ही कमांड दिली की अर्धं राहिलेलं काम ते पुरं करतं. काकांना यूपीएसची बॅटरी बदलायला सांगितलीय. सीझन संपला की बघू, म्हणाले.