सुक्या मासळीचा भाव आणि किनाऱ्याचे वादळ

बाभुळगावसारख्या गावच्या बाजारात सुकी मासळी महागली की गिऱ्हाईक दुकानदाराला बोल लावते. समुद्र इथून दूर असला, तरी भावाचे मूळ तिथेच आहे.

मालवणजवळचे देवबाग पाहा. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. या किनाऱ्यावर रापण लावतात. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे, दोन्ही टोके अनेकांनी मिळून किनाऱ्यावर ओढायची आणि आलेल्या बांगडा-तारलीचे वाटे करायचे. समुद्र खवळला की जाळे पडत नाही, मग वाटा कुठला?

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने सिंधुदुर्गचा किनारा झोडपला. मे हा मासळी वाळवून पावसाळ्याची बेगमी करण्याचा महिना. पुढे जून-जुलैत यांत्रिक नौकांना बंदीच असते.

अशा वर्षी व्यापारी बांधवांनी मच्छिमाराची नड पाहून भाव पाडू नये. हंगामापूर्वीच सौदा ठरवावा, रक्कम रोख द्यावी आणि वादळाने माल हुकला तर मुदत वाढवून द्यावी. अवकाळीत कापूस भिजला की आपल्याकडचा शेतकरीही मुदतच मागतो. अडचणीत सांभाळलेला माणूस चांगला माल आधी आपल्यालाच दाखवतो. हाही व्यवहारच आहे.