नवी बॅट, जुना हात

दर वर्षीं दिवाळीस आमचें सारें कुटुंब पिंपळवंडीच्या जुन्या घरीं जमतें. यंदा मंडळी फराळाच्या ताटांपेक्षां एका बॅटीभोंवतींच अधिक जमली. धाकट्या बंधूंची मुलगी नववींत शिकते व शाळेच्या सॉफ्टबॉलच्या संघांत खेळते. परदेशीं असलेल्या तिच्या आतेभावानें तिच्यासाठीं नवी बॅट आणली. निवडचांचणी महिन्यावर आलेली. तेव्हां आतां चेंडू शिवेपार जाणार, अशी लहानथोर सर्वांची खात्री! झालें मात्र उलटेंच. शाळेच्या जुन्या बॅटीनें जी मुलगी चेंडू सहज विहिरीपलीकडे धाडी, तिचे फटके आवारांतच विरूं लागले; कांहीं चेंडू तर बॅटीस लागेनातच. चौथ्या दिवशीं तिचे वडील म्हणाले, “एवढी महागाची वस्तु, आणि उपयोग शून्य!” मुलीनें बॅट दाराआड उभी केली आणि संघ सोडण्याची भाषा सुरू केली.

प्रसंग लहान खरा. पण चौदा वर्षांच्या मुलीचा स्वतःवरील विश्वास ही कांहीं लहान गोष्ट नव्हे. ज्या घरांत मुलें खेळतात, त्या प्रत्येक घरीं असा प्रसंग केव्हांना केव्हां येतो. म्हणून या महिन्यांत त्याविषयींच चार शब्द लिहितों.

सॉफ्टबॉल हें नांव कांहीं वडीलधाऱ्या वाचकांस नवखें वाटेल. १८८७ सालीं शिकागो येथें जॉर्ज हॅन्कॉक नांवाच्या गृहस्थानें मुष्टियुद्धाच्या हातमोज्याचा चेंडू व झाडूच्या दांड्याची बॅट करून एका दालनांत हा खेळ प्रथम मांडला. ऑलिंपिकमध्यें १९९६ सालीं स्त्रियांसाठीं त्यास स्थान मिळालें, आणि आज महाराष्ट्राच्या शालेय स्पर्धांतही तो खेळला जातो. चेंडू सुमारें १२ इंच घेराचा असून तो हात खालून फिरवून फेंकतात. खालून फेंकलेला चेंडू मंद असेल, असें मात्र कोणी समजूं नये. स्त्रियांच्या सामन्यांत तो ४३ फुटांवरून येतो. वेग ताशीं ९५ किलोमीटर असला तर अर्ध्या सेकंदाच्या आंतच तो समोर येऊन ठाकतो. तेवढ्यांत चेंडू ओळखावयाचा, मारावा कीं सोडावा तें ठरवावयाचें, आणि बॅट फिरवावयाची!

आतां आमच्या मुलीचें कोठें चुकत होतें? दोन्ही बॅटींवरील अंक वाचतांच उलगडा झाला. जुनी बॅट ३० इंच व २० औंस; नवी ३३ इंच व २४ औंस. वजनांतील वाढ अवघी ११३ ग्रॅम, म्हणजे जुन्या मापानें जेमतेम दोन छटाक. परंतु हें वजन हातापासून दूर गेलें आहे, आणि मेख तेथेंच आहे. हातोडी एकदां दांड्याच्या टोकास धरून फिरवा, व एकदां तिच्या लोखंडी डोक्याजवळ धरून फिरवा. वजन तेंच; पण पहिल्या वेळीं मनगट कुरकुरतें, दुसऱ्या वेळीं हातोडी खेळण्यासारखी फिरते. फिरणाऱ्या वस्तूंत हातापासूनचें अंतर दुप्पट झालें कीं त्या वजनाचा अडथळा चौपट होतो. ज्यांनीं तरुणपणीं तालमींत जोडी फिरविली आहे, त्यांच्या खांद्यांस हें शास्त्र पुस्तकाविनाच ठाऊक असेल.

नव्या बॅटीनें मुलीचा फटका निमिषमात्र उशिरा पोंचत होता. भरींत भर म्हणून, जेथें चेंडू बसला असतां हातास झिणझिणी न येतां तो दूर जातो, ती जागाही हातापासून पुढें सरकली होती. चेंडू दूर धाडण्यास बॅटीच्या वजनापेक्षां तिचा वेग अधिक कामास येतो. वेग घटला, तर वाढलेल्या वजनाचा लाभ पदरांत पडत नाहीं. तो वेग परत मिळविणें हें हाताचें काम, आणि त्यास दिवस लागतात.

हें सारें मी मुलीस मोठ्या विद्वत्तेनें समजावीत होतों. ती ऐकत होती. पण चेहरा कांहीं उजळेना. तेवढ्यांत माजघरांतून आमच्या मातोश्री म्हणाल्या, “अगं, माझ्या सासूबाईंनी नवं मुसळ घेतलं, तेव्हा पहिले आठ दिवस माझे निम्मे घाव उखळाच्या काठावर बसायचे. मुसळ वाईट नव्हतं, आणि मीही आळशी नव्हते. हाताला नवं माप कळायला वेळ लागतो, बाळ.” मुलगी प्रथमच हंसली. माझ्या पाऊण तासाच्या व्याख्यानानें जें साधलें नव्हतें, तें त्या चार वाक्यांनीं साधलें.

दुसऱ्या दिवसापासून आम्हीं क्रम ठरविला. पहिला आठवडा धांवता चेंडू वर्ज्य. कमरेइतक्या उंचीचा पाण्याच्या नळाचा तुकडा मातींत रोवून त्याच्या तोंडावर चेंडू ठेवावयाचा व तेवढाच मारावयाचा. मूठ दांड्याच्या टोकापासून दोन बोटें वर धरावयाची, म्हणजे लांब बॅट तात्पुरती आंखूड होते. जोर मनगटांतून न काढतां पाय व कंबर यांतून आणावयाचा. दुसऱ्या आठवड्यांत जवळून हलकेच टाकलेले चेंडू, आणि तिसऱ्यांत नेहमींची फेंक. हात जसजसा बसेल तसतशी मूठ खालीं न्यावयाची.

बॅटीचाही स्वभाव ओळखावा लागतो. ही बॅट लांकडाची नसून कार्बनच्या तंतूंची आहे. अशा बॅटीचा पोकळ भाग चेंडूच्या माऱ्यानें किंचित् दबतो व उसळून परत येतो. पहिले शंभर-दोनशे फटके बेताच्या जोरानें, दर फटक्यास बॅट थोडी फिरवीत मारले, म्हणजे ती सर्व बाजूंनीं सारखी मोकळी होते. क्रिकेटचा कठीण चेंडू तिच्यावर कधींही मारूं नये. कडाक्याच्या थंडींतही ती तडकण्याचें भय असतें. म्हणून आपल्या जुन्नर भागांतील हिवाळ्यांत पहांटेचा सराव सोडून उन्हें वर आल्यावरच बॅट बाहेर काढावी.

सायंकाळचा सराव आम्ही दिवेलागणीपूर्वींच आटोपतों, कारण आमच्या तालुक्यांत उंसाच्या फडांतून बिबट्यांचा वावर आहे. तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस असाच खेळ संपत आला असतां मुलीनें शेवटचा चेंडू टोलविला. तो विहिरीवरून, बांधावरून जो गेला, तो थेट पलीकडच्या उंसांत! त्या वेळीं आंत शिरण्याची कोणाची छाती होणार? चेंडू गेला तो गेलाच. बंधु बांधावर उभे राहून बराच वेळ त्या दिशेस पाहत होते. मग मुलीकडे न पाहतांच म्हणाले, “उद्यां नारायणगांवास जायचं आहे. चेंडू दोन आणू कां चार?”

निवडचांचणी पुढच्या आठवड्यांत आहे. निकाल कांहींही लागो. बॅट आतां दाराआड नाहीं, मुलीच्या उशाशीं असते. ज्यांच्या घरीं यंदा कोणा मुलाच्या वा मुलीच्या हातीं नवी वस्तु आली असेल, मग ती बॅट असो, तंबोरा असो कीं सायकल असो, त्यांनीं पहिले तीन आठवडे किंमतीचा उच्चार करूं नये, एवढीच विनंती.