मरीआईचा गाडा आता विमानातनं



पटकीची साथ आली की गावं मरीआईचा गाडा शिवेपार ढकलून द्यायची. पुढचं गाव मरो! आणि पोतराज होऊन अंगावर आसूड ओढायला आपलीच माणसं. रोग जायचा नाही, नुसता पुढं सरकायचा. आता गाडा विमानातनं येतो.

येमेन बघा. मार्च २०१५ मध्ये सौदीच्या आघाडीनं बॉम्ब टाकायला सुरुवात केली. शस्त्रं विकणारे अमेरिका आणि ब्रिटन. ऑगस्टमध्ये होदेदा बंदरातल्या चार क्रेन उडवल्या. मी गोदीत राबतो. क्रेन मेली की बोट नुसती उभी राहते आणि धान्य, औषध, पंपाचं सामान तिच्या पोटात अडकतं, हे मला कुणी शिकवायला नको. बदली क्रेन पोचायला जानेवारी २०१८ उजाडला.

२०१६ पासून सरकारी नोकरांचा पगार तुंबला. झाडूवाल्यांचाही. सना शहरात कचऱ्याचे ढीग लागले. एप्रिल २०१७ मध्ये वीज नाही म्हणून तिथलं सांडपाण्याचं मुख्य केंद्र बंद पडलं. मैला पिण्याच्या पाण्यात मिसळला. वर्ष संपेपर्यंत कॉलऱ्याचे संशयित रुग्ण दहा लाखांवर, मेलेले दोन हजारांवर. वेळेत मीठ-साखरेचं पाणी आणि सलाईन मिळालं तर शंभरात एकही मरू नये असा हा रोग!

आणि पांढरपेशे म्हणतात, लोकच गलिच्छ, हात धूत नाहीत. अरे, कशानं धुवायचे? थुंकीनं?

हूथींनाही मी सोडत नाही. त्यांनी ताइझला वेढा घालून अन्न-पाणी-औषध अडवलं. बंदूक कुणाचीही असो, घसा गरिबाचाच कोरडा.

त्यातही कुणाचा? तिथं झाडू मुहम्मशीनांच्या हातात. मुहम्मशीन म्हणजे कडेला ढकललेले. बाकीचे त्यांना ‘अखदाम’ म्हणतात, म्हणजे नोकर. धर्म तोच, भाषा तीच, तरी वस्ती शहराबाहेर, ना नळ ना संडास. कुत्र्यानं तोंड लावलं तर भांडं धुवा, अखदामानं लावलं तर फोडा, अशी तिथली म्हण. ऐकली आणि मला आपलंच गाव दिसलं. जो शहराची घाण उपसतो, त्याच्याच घशात ती उतरते.

पिण्याच्या पाण्याच्या सोयी उद्ध्वस्त करू नका, असं जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पुरवणीत छापलंय. छापलंय! जून २०१८ मध्ये अब्स गावात कॉलऱ्याच्या नव्या दवाखान्यावरच बॉम्ब पडला. छतावर खूण होती. आत पेशंट नव्हते म्हणून वाचले. मे २०२५ मध्ये सुदानच्या खार्तूममध्ये तेच. ड्रोननं वीजकेंद्रं फोडली, पाणी बंद, कॉलरा सुरू.

क्लोरीन वाटा, लस पाजा. ते पाहिजेच. पण एका हातानं बॉम्ब विकून दुसऱ्या हातानं गोळ्या वाटणाऱ्याला दानशूर म्हणू नका. पंपाला डिझेल द्या, केंद्राला वीज द्या, झाडूवाल्याला पगार द्या, बंदर खुलं करा. पाण्यावर बॉम्ब टाकणाऱ्याला खुन्यासारखं पिंजऱ्यात उभं करा.

चवदार तळंही कागदावर आपल्याला खुलं झालं होतंच. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंना घेऊन तिथं जावं लागलं. कागदावरचं पाणी पिता येत नाही, दोस्तांनो. ते ओंजळीत आणावं लागतं. महाडात, सनात, खार्तूममध्ये.

जयभीम!