काटकुळ्या माणसाला साखर कशी होते?



गेल्या महिन्यात सेलूच्या आठवडी बाजारात एक ओळखीचे कास्तकार भेटले. पन्नाशीचे, अंगाने काटकुळे. म्हणाले, "साहेब, मला शुगर निघाली. जन्मात कधी लठ्ठ नव्हतो. रानात राबणाऱ्याला हा रोग कसा?"

हा विषय आम्हा शेतीखात्यातल्या माणसांचा नव्हे. पण ज्याने पाटाचे पाणी दिले आहे त्याला तो कळायला अवघड नाही. रक्त हा पाट, साखर हे पाणी आणि शरीरातल्या पेशी हे वाफे समजा. इन्सुलिन हा दारे धरणारा गडी. त्याने दार उघडले की साखर पेशीत जाते. पण दारात गाळ बसला, तर गडी हजर असूनही पाणी पाटातच तुंबते. शरीर मग एकाच्या जागी चार गडी लावते, आणि हे गडी पुरवता पुरवता स्वादुपिंड थकते. हा गाळ म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साचलेली चरबी. ती वरून दिसेलच असे नाही.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मायबहिणींचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने राखलेली. पुढे २००४ साली डॉ. याज्ञिकांनी स्वतःचीच तुलना एका इंग्रज डॉक्टरांशी छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के!

मी त्या कास्तकारांना विचारले, "गुडघ्याला काही घेता का?" त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. बिननावाच्या गोळ्या. दोन दिवसांत दुखणे पळते, भूक खवळते, तोंड भरून येते. मला स्टिरॉइडची शंका आली. असल्या गोळ्यांत ते मिसळलेले सापडते.

जास्त दुधाच्या गाईची साखर व्याल्यावर घसरली की जनावरांचे डॉक्टर कधी कधी स्टिरॉइडचे इंजेक्शन देतात, म्हणजे साखर वर येते. माणसातही तेच घडते. स्टिरॉइड यकृताला साखर सोडायला लावते, शिवाय चरबी विरघळवून रक्तात आणते आणि ती पुन्हा दारातच गाळ होऊन बसते. २०२१ साली कोरोनात जीव वाचवायला हेच औषध द्यावे लागले. तेव्हा कित्येकांची साखर भडकली आणि काळ्या बुरशीने गाठले. म्हणून औषध वाईट असे नव्हे. दम्याला, संधिवाताला डॉक्टर ते मोजून देतात. पुडीत मोजमाप कुठले?

मात्र बरेच दिवस घेतलेली अशी गोळी एकदम बंद करू नका. शरीराची स्वतःची स्टिरॉइड करणारी ग्रंथी निजलेली असते, माणूस कोसळू शकतो. कमी कशी करायची ते डॉक्टर सांगतील.

घरात टेप असेल तर कंबर मोजा. पुरुषाची ९० आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या वर असेल, तर अंग कितीही बारीक दिसो, सरकारी दवाखान्यात उपाशीपोटी रक्त तपासा. १०० च्या आत ठीक. १२६ किंवा जास्त आले तर पुन्हा तपासून उपचार सुरू करा. जाताना ती पुडी सोबत न्या.