दाखला मिळाला, वाचायला कोण शिकवणार?

जूनमध्ये शाळा उघडतात आणि शहरातील सुशिक्षित घरांतून एक जुनीच धावपळ नव्याने सुरू होते. मुलगा नववी-दहावीत गेलेला असतो. तोंडी विचारले तर भूगोलाचे उत्तर तो चोख देतो. पण तेच कागदावर उतरवताना 'भ'चा 'म' होतो, 'घ'चा 'ध' होतो आणि जोडाक्षर आले की लेखणी अडते. मग कोणीतरी सांगते की, ही अध्ययन अक्षमता आहे, तिचा दाखला मिळतो आणि दाखल्यावर परीक्षेत सवलती मिळतात. आईबाप सार्वजनिक रुग्णालयात खेटे घालतात, तारखेमागून तारीख घेतात आणि अखेर कागद हाती पडतो. जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, मुलगा उत्तीर्ण होतो आणि घरदार सुटकेचा निःश्वास टाकते. परंतु नऊ-दहा वर्षे शाळेत काढूनही मुलाला नीट वाचता येत नाही, ही मूळची गोष्ट मात्र जागच्या जागीच राहते!

सवलतींना आमचा विरोध नाही. त्या न्याय्य आहेत आणि पालकांनी व काही तळमळीच्या डॉक्टरांनी त्या झगडून मिळवल्या आहेत. आमचे म्हणणे एवढेच की, सवलत हा शिक्षणाचा पर्याय नव्हे. आणि आज बहुसंख्य शाळांनी तिला तसा पर्याय करून टाकले आहे.

कायदा याहून पुष्कळ पुढे गेलेला आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते व त्यांत अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते प्रकार एकवीस केले, अध्ययन अक्षमतेला त्यांत स्थान दिले आणि ती शक्य तितक्या लवकर ओळखून योग्य अध्यापनाची योजना करण्याचे काम शिक्षणसंस्थांवर सोपवले. २०१८च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी तर ही चाचपणी तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनीच करावी व प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी समिती असावी, असे सांगितले. तिसरीत! आणि आमची धावपळ सुरू होते नववीत. मराठीतून तपासण्याची साधने नाहीत, ही सबबही आता चालणार नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या चाचण्यांत मराठीचाही समावेश आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या ऑक्टोबरात प्राथमिक स्तरावर अशा दहा विद्यार्थ्यांमागे व माध्यमिक स्तरावर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक, असे प्रमाण ठरवून दिले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा बजावावे लागले, यातच राज्यांनी मधल्या काळात काय केले याचे उत्तर आहे. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्र पातळीवर विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचे ठरवले. वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांच्या दृष्टीने हा निर्णय स्वागतार्ह आहे. पण एका केंद्राखाली अनेक शाळा येतात. आज या शाळेत, उद्या त्या शाळेत जाणारा शिक्षक मुलांची नोंद करील, साहित्य वाटील, पालकांना चार शब्द सांगेल. वाचन शिकवण्यास लागणारा रोजचा अर्धा-पाऊण तास तो कोठून आणणार?

म्हणूनच विभाग शाळेच्या आत हवा. आत म्हणजे जिन्याखालच्या खोलीवर पाटी लावून नव्हे. आमच्या पाहण्यातील एका नामांकित शाळेत अशी खोली आहे. तिचे छायाचित्र माहितीपत्रकात झळकते आणि तिच्यातल्या विशेष शिक्षिकेला मात्र कोणी गैरहजर राहिले की त्याच्या वर्गावर धाडले जाते. विभाग उभा करायचा तर मुख्याध्यापकांनी पहिल्याच दिवशी तिचे तास वेळापत्रकात पक्के करून त्यांना हात लावू नये. मुलाला बाहेर काढायचे ते खेळाच्या वा चित्रकलेच्या तासाला नव्हे. बहुधा तेवढ्याच तासांना त्या बिचाऱ्याला आपण इतरांच्या बरोबरीचे आहोत असे वाटत असते. त्याला आज काय येते, तीन महिन्यांत काय यावे आणि ते कोणी शिकवावे, हे लिहून ठेवावे आणि त्या कागदावर वर्गशिक्षकाचीही सही असावी. कारण मूल दिवसाचे चार-पाच तास वर्गातच असते; तेथे फळ्यावरचे भराभर उतरवून घेण्याची सक्ती कायम राहिली, तर खोलीतले अर्ध्या तासाचे कष्ट वाहून जातात. विशेष शिक्षिकेचे निम्मे काम मुलांशी, तर निम्मे सहकाऱ्यांशी असते, आणि हे दुसरे निम्मे अधिक अवघड आहे. वीस वर्षे इतिहास शिकवलेल्या गुरुजींना प्रश्नपत्रिका निराळी काढा म्हणून सांगणे हे नव्या मुलीच्या आवाक्यातले काम नव्हे. तेथे मुख्याध्यापकांचाच शब्द पाठीशी हवा.

अडचणी आम्हांस ठाऊक आहेत. वर्गात साठ मुले, अनुदान अपुरे, प्रशिक्षित माणसे दुर्मिळ. परंतु जेथे शुल्क भरमसाट आहे, त्या विनाअनुदानित शाळांतही सोबतीचा शिक्षक पालकांनी स्वतःच्या खर्चाने आणावा, असे सांगितले जाते. त्याला दारिद्र्य म्हणता येणार नाही. त्या संस्थांना पोहण्याचा तलाव परवडतो.

आणि पालकांचे काय? मराठीत मंद समजल्या गेलेल्या मुलाला 'ढ' म्हणण्याची रीत आहे. ब्राह्मीपासून हे अक्षर फारसे बदललेच नाही, म्हणून न सुधारणाऱ्याला ते नाव पडले, अशी त्याची उपपत्ती सांगतात. अक्षर बदलले नसेल, पण मुले बदलतात, शिकवले तर! २००७ मध्ये 'तारे जमीन पर' पाहून डोळे पुसणाऱ्या घरांतूनही तिसरीच्या बाईंनी शंका काढली, की "आमच्या घरात असले काही नाही" असे उत्तर येते. त्या नकारात पाच-सहा वर्षे जातात आणि मग नववीत रांग लावावी लागते.

शिक्षणाधिकाऱ्यांनी यंदाच्या तपासणीत दाखल्यांची संख्या विचारू नये. तिसरी-चौथीतील किती मुले ओळखली गेली, विशेष शिक्षिकेचे आठवड्याचे किती तास तिच्याकडून काढून घेतले गेले आणि गेल्या जूनमध्ये परिच्छेद वाचू न शकलेल्यांपैकी किती जण आज तो वाचतात, एवढेच विचारावे. पालक-शिक्षक संघाच्या पहिल्या बैठकीत हेच प्रश्न पालकांनाही विचारता येतील. त्यासाठी दाखला लागत नाही.